संगीतशिक्षकांची परीक्षा : लाहोरपासून आपल्या मंडळापर्यंत

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संगीतवर्गाविषयी आम्ही काही लिहावे, असा संपादक-समितीचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम अंग काढून घेतले. आम्ही गायक नव्हे. संगीतशास्त्री तर नव्हेच. कला शाखेची एक साधी बी. ए.ची पदवी आणि केंद्र सरकारच्या हिशेबात खर्ची पडलेली तीस वर्षे, एवढेच आमचे भांडवल. परंतु समितीतील ज्येष्ठांनी आठवण करून दिली की, या वर्गाची पेटी पहिली अनेक वर्षे ज्या घरातून येत असे ते घर आमचे होते, आणि ती पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणण्याचे काम आमच्याकडे होते. या अधिकाराने मात्र आम्हांला दोन शब्द लिहिता येतील.

परप्रांतातील पुष्कळ महाराष्ट्र मंडळांत एक गोष्ट समान आढळते. गणेशोत्सव असतो, ग्रंथालयाचे एक कपाट असते, आणि जोडीला गाण्याचा एक वर्ग असतो. त्या वर्गात नुसते गाणे शिकवत नाहीत, परीक्षेची तयारी करून घेतात. प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द आपल्या मुलाबाळांच्या कानांवर बालवयातच पडतात. हे शब्द आले कोठून, आणि ते आपल्या मराठी माणसांच्याच पिशवीतून उत्तर हिंदुस्थानात का उतरले, याचा शोध घेण्याची पाळी आमच्या घरावर 1978 साली आली.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, संरक्षण लेखा खात्यात होते. जबलपूरहून बदली होऊन या शहरात येऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. आई येथील एका शाळेत मुलींना गाणे शिकवी. नेमणूक तात्पुरती आणि मानधन तुटपुंजे; पण महिनाअखेरीस त्या पैशांचा आधार किती होता हे वाण्याचे खाते पाहणाऱ्यालाच ठाऊक. त्या वर्षी शाळेकडून चार ओळींचे पत्र आले. पुढील सत्रापासून संगीतशिक्षकाच्या जागेसाठी मान्यताप्राप्त परीक्षेचे प्रमाणपत्र आवश्यक राहील, ते नसल्यास नेमणुकीचे नूतनीकरण होणार नाही, असा त्याचा आशय होता.

आईचे माहेर वाईचे. तिचे वडील पेटी वाजवत, कीर्तनांना साथ करत, आणि घरी चार मुलांना गाणे शिकवत. त्यांच्यापासून आईला शंभरावर चिजा मिळाल्या होत्या. सगळ्या तोंडपाठ, एकही कागदावर नाही. पत्र वाचून ती एवढेच म्हणाली, "गाणं मला अण्णांनी शिकवलं. त्याचा कागद आता कुठून आणू? आणि हे कागदाचं खूळ काढलं तरी कुणी?"

नाना त्या वेळी स्वतःच खात्याच्या एस. ए. एस. परीक्षेला तिसऱ्या खेपेस बसण्याच्या तयारीत होते. नियमावलीच्या पुस्तकातून डोके वर न काढता ते म्हणाले, "आपल्याच माणसांनी."

नानांचे हे उत्तर किती खरे होते, ते आम्हांला पुष्कळ पुढे वाचनातून कळले.

गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे त्याचे ठळक उदाहरण. ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे त्यांनी कष्टाने विद्या मिळवली. अशा शिक्षणात वेळापत्रक नव्हते, पाठ्यक्रम नव्हता, आणि शिक्षण पूर्ण झाले असे सांगणारा कागदही नव्हता. गुरूने "आता गा" म्हटले की झाले. गायकाला आश्रय लागे तो राजाचा किंवा धनिकाचा. आणि आश्रयदात्याच्या पंगतीत त्याची पायरी कोणती, हे त्याला वेळोवेळी दाखवून दिले जाई.

याच बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म 18 ऑगस्ट 1872, कुरुंदवाडचा. बालपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, शालेय शिक्षण थांबले आणि मिरजेस बुवांकडे गाणे सुरू झाले. मिरजेत एका समारंभाला आपल्याला बोलावणे आले, पण गुरूंना मात्र ते केवळ गवई म्हणून आले नाही, हा प्रसंग त्यांच्या मनाला फार लागला, असे सांगतात. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. हिंडत हिंडत ते पंजाबात पोहोचले आणि 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. हे विद्यालय कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर उभे नव्हते. ते लोकांच्या वर्गणीवर आणि बुवांच्या स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालले.

आज आपल्याला हे साधे वाटते. परंतु विचार करावा : एक मराठी गायक, दृष्टी अधू, मुलूख परका, भाषा हिंदी आणि पंजाबी, आणि तेथे तो वर्ग, इयत्ता, वेळापत्रक, क्रमिक पुस्तक आणि परीक्षा असा सारा सरंजाम गाण्याभोवती मांडतो. त्यांनी मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश' लिहिले, 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिक चालविले, चिजांतील शृंगारिक शब्द बदलून भक्तिपर शब्द बसविले, स्त्रियांना शिकण्याची सोय केली. या शब्दबदलावर टीका झाली आणि आमच्या मते ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. परंतु सभ्य घरातील मुलीच्या हाती तंबोरा जावा यासाठी त्या काळी जी किंमत द्यावी लागली ती बुवांनी दिली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता तो त्यांचा उपदेशक वर्ग. निवडक विद्यार्थ्यांना आश्रमात ठेवून घ्यायचे, त्यांच्या जेवणाखाण्याचा भार विद्यालयाने उचलायचा, आणि बदल्यात त्यांनी करारपूर्वक काही वर्षे शिकून पुढे गावोगाव संगीतशिक्षक म्हणून काम करायचे, अशी ती योजना होती. गाणारा वेगळा आणि शिकविणारा वेगळा. शिकविण्याचीही स्वतंत्र तयारी करावी लागते, हा विचार येथे प्रत्यक्षात उतरला. 1908 मध्ये विद्यालयाची शाखा मुंबईस निघाली. तेथे मोठी इमारत उभी राहिली आणि पुढे कर्जापायी तिचा लिलावही झाला. इमारत गेली, पण माणसे राहिली. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, ओंकारनाथ ठाकूर ही सारी याच शाळेत घडलेली माणसे. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमात गेले, आश्रमाची प्रार्थना आणि भजने त्यांनी बसविली, आणि 1930 च्या दांडीयात्रेत ते चालले. पलुस्करबुवा 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस वारले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत एकत्र जमून गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या शाळा निराळ्या, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा एकच, ही व्यवस्था तेथून सुरू झाली. तेच आजचे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ.

पुढच्याच वर्षी, 1932 च्या मे महिन्यात, विनायकरावांनी नाटक कंपनी सोडून पुण्यात विद्यालय काढले, आणि त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये दिल्लीत. दिल्लीतील कित्येक मराठी कारकुनांच्या मुली त्या दिल्लीच्या विद्यालयाच्या पायऱ्या चढल्या. खुद्द लाहोर मात्र 1947 मध्ये परके झाले.

दुसरी धारा याहून अगदी भिन्न. विष्णु नारायण भातखंडे, जन्म 10 ऑगस्ट 1860, मुंबईत वाळकेश्वरचा, पेशाने वकील. पलुस्कर गाऊन लोकांना जिंकत. भातखंडे ऐकत, टिपून घेत आणि प्रश्न विचारत. 1904 मध्ये ते दक्षिणेत गेले, पुढे उत्तर हिंदुस्थानात हिंडले, ग्रंथालये धुंडाळली, उस्तादांचे मन वळवून चिजा लिहून घेतल्या. दहा थाटांची मांडणी त्यांचीच. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात मराठीत आहे, आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भागही मूळ मराठीतच निघाले. ज्या हिंदी भाषांतरांवर उत्तरेतील विद्यार्थ्यांच्या पिढ्या परीक्षेला बसल्या त्यांच्या मुळाशी आपली भाषा आहे, हे येथील आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे असे आहे.

1916 मध्ये बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी भातखंडे यांच्या सल्ल्याने संगीत विद्यालय काढण्याचे ठरविले. विद्यालय काढायचे तर शिक्षक हवेत. ग्वाल्हेरसारख्या गायकांच्या राजधानीत गवयांची वाण नव्हती. वाण होती ती वर्गापुढे उभे राहून पंचवीस मुलांना एकाच वेळी शिकवू शकणाऱ्यांची. म्हणून महाराजांनी काही निवडक गायकांना भातखंडे यांच्याकडे मुंबईस धाडले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. शंकर पंडितांच्या तालमीत तयार झालेला, नाव मिळविलेला हा गायक वयाच्या पस्तिशीच्या सुमारास पुन्हा विद्यार्थी झाला. जे गळ्यात होते तेच कागदावर कसे उतरवायचे आणि फळ्यावर कसे मांडायचे, हे शिकू लागला. 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले, आणि राजाभैयांनी पुढे त्याची धुरा वर्षानुवर्षे वाहिली.

आम्हांला या साऱ्या इतिहासात राजाभैयांचा हा मुंबईचा प्रवास सर्वांत मोलाचा वाटतो. गाणे येत असलेल्या माणसाने खाली बसून 'सा'पासून लिहायला शिकणे, ही गोष्ट सोपी नाही. आमच्या आईने परीक्षेचा अर्ज भरला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

भातखंडे यांच्या योजनेतील मोठी संस्था 1926 मध्ये लखनौस निघाली, ती मॅरिस कॉलेज. 1928 पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे प्राचार्य झाले. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, फैयाज खाँसाहेबांचे शागीर्द, आणि भातखंडे यांचे पट्टशिष्य. कैसरबागेतील परीखान्यात, जेथे एके काळी नबाबाच्या पऱ्या नाचत, तेथे पुढे मराठी प्राचार्यांच्या देखरेखीखाली हजेरीपट आणि गुणपत्रके भरली जाऊ लागली. कृ. गो. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, वि. गो. जोग ही मंडळी तेथली. सुमती मुटाटकर तेथे शिकल्या आणि पुढे दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुखपदापर्यंत गेल्या. हीच संस्था 2022 पासून भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. अलाहाबादेची, म्हणजे आजच्या प्रयागराजची, प्रयाग संगीत समितीही 1926 चीच.

आता आमच्या घराकडे वळू. आईची तयारी सुरू झाली ती स्वयंपाकघरातल्या पाटावर. मेजावर नाना एस. ए. एस.ची नियमावली घेऊन बसत, खाली आई 'क्रमिक पुस्तक मालिका' मांडीवर घेऊन बसे. दोघांमध्ये एकच दिवा. नानांचे नियम आम्हांला कळत नसत, पण आईची अडचण आम्हांलाही कळू लागली. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत मध्यम आणि निषाद वर्ज्य, उरलेले पाच स्वर दोन्हींत तेच. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. भूपात गंधार प्रबळ, देशकारात धैवत. आई दोन ओळी गाऊन दाखवी आणि आमच्यासारख्या अडाण्यालाही फरक उमजे. पण "दोन्ही रागांची सोदाहरण तुलना करा" असा प्रश्न समोर आला की ती पेन्सिल चावत बसे. "गाऊन दाखवू का, म्हणावं," असे ती चिडून म्हणे.

मग शास्त्र. बावीस श्रुती, व्यंकटमखीचे 72 मेल, शारंगदेवाचा 'संगीतरत्नाकर', आणि पंडित श्रीनिवासाने तारेच्या लांबीवरून काढलेली स्वरस्थाने : तार 36 इंच धरली तर मध्यम 27 वर, पंचम 24 वर, तार षड्ज 18 वर. हे अपूर्णांक तिला काही केल्या पटेनात. तेव्हा नानांनी आपली नियमावली मिटली, कचेरीतली फूटपट्टी आणली आणि आम्हां दोघां भावांना तंबोऱ्याच्या तारेखाली खुणा करायला बसविले. खुणेवर बोट ठेवून तार छेडली आणि पंचम बोलला, तेव्हा आईपेक्षा नानांनाच अधिक आनंद झाला. हिशेब जुळल्याचा तो आनंद होता.

धमाराच्या चौदा मात्रा आधी ठायीत, मग दुगुणीत हातावर टाळी-खालीने दाखवाव्या लागत. त्यांचा सराव आई पोळ्या लाटताना करी. एकदा तर दुगुणीच्या नादात लाटणे खालीवर थांबले आणि पोळी करपली.

पण खरा घोटाळा झाला तो लिपीचा. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या मुली या परीक्षांना बसल्या असतील त्यांना ठाऊक असेल की, आपल्या दोन विष्णूंनी दोन स्वरलिप्या करून ठेवल्या. भातखंडे यांच्या लिपीत स्वराच्या वरचा बिंदू म्हणजे तार सप्तक आणि खालचा बिंदू म्हणजे मंद्र. पलुस्करांच्या लिपीत वरचा बिंदू म्हणजेच मंद्र, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. भातखंडे यांच्याकडे स्वराखाली आडवी रेघ काढली की स्वर कोमल होतो. पलुस्करांकडे तीच रेघ एक मात्रा दाखविते. समेची खूण एकाकडे गुणाकाराची फुली, दुसऱ्याकडे एकाचा आकडा. खालीची खूण एकाकडे शून्य, दुसऱ्याकडे अधिकाचे चिन्ह. एका लिपीत लिहिलेला सरळ बिलावल दुसरीच्या नियमाने वाचला तर सारे रिषभ-गंधार कोमल होऊन बसावेत! दोघांचे वाद तात्त्विक असतील, पण बदलीच्या नोकरीतल्या घरांना ते फार महागात पडले. एका गावी मुलगी एक लिपी शिकते. वडिलांची बदली होते. पुढच्या गावचे केंद्र दुसऱ्या परंपरेचे असते.

आईचेही तेच झाले. पुस्तके भातखंडे यांची, तीही जबलपुरात जुन्या बाजारातून घेतलेली. आणि जवळच्या केंद्रावर परीक्षा व्हायच्या त्यांत दुसरी लिपीही यावी लागे. मध्यमेचे दोन टप्पे आणि विशारदचा पहिला टप्पा निभावले. 1981 च्या अखेरच्या परीक्षेत प्रात्यक्षिक उत्तम झाले. परगावाहून आलेल्या वयोवृद्ध परीक्षकांनी तिला केदारातली अण्णांची चीज पुन्हा एकदा म्हणायला लावली, आणि ती परीक्षेसाठी नव्हती हे बाहेर ताटकळत बसलेल्या मुलींनाही कळले. लेखी परीक्षेत मात्र तिने अख्खा ख्याल पलुस्कर लिपीत लिहायला घेऊन बिंदू भातखंडे यांचे दिले. मंद्रातले सारे तारात, तारातले मंद्रात. शिवाय उत्तरे हिंदीत. 'आणि'च्या जागी 'और' लिहिताना तिचा हात अडे. ती नापास झाली.

त्याच आठवड्यात नानांचा निकाल लागला. ते पास झाले. घरात पेढे आणावेत की नाही, हा प्रश्न दोन दिवस तसाच राहिला. शेवटी आईनेच आणविले.

येथे थोडे थांबून आमचे मत नोंदवितो. परीक्षांवर होणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत आणि त्यांतले बरेचसे मान्य आहेत. परीक्षेने गायक घडत नाही. भीमसेन जोशी लहान वयात घरातून पळाले ते ग्वाल्हेरला त्याच माधव संगीत विद्यालयात पोहोचले होते. पण त्यांचे गाणे घडले ते पुढे सवाई गंधर्वांच्या घरी. याहून गंभीर आक्षेप असा की, ज्या खानदानी उस्तादांच्या ओठांवरून भातखंडे यांनी चिजा उतरवून घेतल्या, त्यांच्याच मुलाबाळांना पुढे शाळेत नोकरी मागताना "प्रमाणपत्र कोठे आहे?" असे विचारले गेले. लखनौच्या विद्यालयाने अहमदजान थिरकवाँसारख्या तबलानवाजाला शिक्षक म्हणून मानाने ठेवले, हे खरे. पण प्रत्येक उस्ताद थिरकवाँ नव्हता. 1950 च्या दशकात आकाशवाणीने कलावंतांच्या चाचण्या सुरू केल्या, केसकर मंत्री होते आणि रातंजनकर चाचणी मंडळाचे प्रमुख, तेव्हा नामवंत कलाकारांनीही विरोध केला. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे होते. आयुष्यभर गायलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत श्रेणी देणे आम्हांलाही रुचत नाही.

तरीही आम्ही परीक्षांच्या बाजूने उभे राहू, आणि याचे कारण आमच्या घरात आहे. दरबार गेले होते, वाईचे कीर्तन वाईलाच राहिले होते. परक्या शहरात एका गृहिणीच्या गळ्यातल्या शंभर चिजांना बाजारात दमडीची किंमत नव्हती. तिला ओळखणारे कोणी नव्हते, तिच्या वडिलांचे नाव कोणी ऐकले नव्हते. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला कागद लागतो. आपल्या मुलखात, आपल्या माणसांत राहणाऱ्याला तो तितकासा लागत नाही. मराठी माणसांनी परीक्षांची ही पद्धत दूरदूर नेली, आणि परमुलखात तिचा लाभ मराठी बायकांनाही तितकाच झाला. मात्र एक तक्रार सरकारी माणूस म्हणूनच करतो. नोकरीच्या जाहिरातीत "अथवा समकक्ष" हे दोन शब्द लिहिणाऱ्याला ते लिहिण्यास क्षण लागतो. कोणती परीक्षा कोणाशी समकक्ष हे ठरेपर्यंत उमेदवाराची उमेद सरते. एका राज्यात चालणारे विशारद दुसऱ्या राज्यात चालतेच असे नाही. आम्ही स्वतः अशा टिपण्या लिहिलेल्या आहेत. म्हणून हे बोलतो.

आईने एक वही केली. आमच्या शाळेची रेघांची वही, शंभर पानी. डाव्या पानावर चीज भातखंडे लिपीत, उजव्या पानावर तीच पलुस्कर लिपीत. डावीकडचे बिंदू निळ्या शाईने, उजवीकडचे तांबड्या. तांबडी शाई नानांच्या कचेरीतली, हिशेब-तपासणीची. नानांनी ती घरी आणली होती, आणि त्यांच्या साऱ्या नोकरीतील हा एकमेव अपहार म्हणून आम्ही येथे जाहीर करतो. अण्णांच्या सगळ्या चिजा अशा दोनदा लिहून झाल्या. लिहिता लिहिता काही चिजांचे अंतरे तिला आठवेनात. वाईला पत्रे गेली, मामांची उत्तरे आली. परीक्षा नसती तर त्या चिजा आईबरोबरच गेल्या असत्या, हे आम्हांला तेव्हा सुचले नाही.

1982 च्या अखेरच्या सत्रात ती पुन्हा बसली आणि पास झाली. श्रेणी दुसरी. तोवर शाळेने त्या जागेवर दुसरी बाई कायम केली होती. आई प्रमाणपत्र दाखवायला गेली, मुख्याध्यापिकेने अभिनंदन केले, चहा दिला. पुढे दीड वर्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत जागा निघाली. दोन बस बदलून जावे लागे. तेथे आईने अठरा वर्षे शिकविले आणि निवृत्तिवेतन मिळविले.

शाळेची जागा मिळेपर्यंतच्या काळात, म्हणजे 1983 च्या जूनमध्ये, आपल्या मंडळाच्या जिन्याखालच्या खोलीत तिने शनिवारी संध्याकाळी वर्ग धरला. पहिल्या दिवशी पाच मुली होत्या : तीन मराठी, एक बंगाली आणि एक येथल्याच वाण्याची, जिला 'ण' म्हणता येत नसे पण सूर पक्का होता. फी ऐच्छिक. वर्गणीवरून कार्यकारिणीत वाद झाला तो इतिवृत्तात आहेच. येथे उगाळत नाही. पुढे मंडळ परीक्षेची मुले दरवर्षी बसवू लागले. वर्गातल्या किती मुली गायिका झाल्या असे कोणी विचारले तर उत्तर आहे, एकही नाही. शाळांतून संगीतशिक्षिका झालेल्या मात्र आमच्या मोजणीप्रमाणे अकरा आहेत, आणि त्यांत वाण्याची ती मुलगी आहे.

आज वर्ग चालविते ती तिचीच विद्यार्थिनी. तिची मातृभाषा मराठी नाही. पण चिजेचा अंतरा सांगताना "हे जरा असं घ्या" असे शुद्ध वाईच्या वळणाने म्हणते, आणि हे वळण आपण कोठून उचलले हे तिला ठाऊक नाही.

संपादक-समितीची सूचना होती की, महोत्सवाच्या प्रदर्शनात आईची ती वही काचेखाली ठेवावी. आम्ही होकार दिला आणि वही आणायला वर्गावर गेलो. तेथे कळले की, वही एका मुलीने घरी नेली आहे. ती येत्या नोव्हेंबरच्या सत्रात विशारदला बसत असून तिची उजव्या पानांची तयारी अजून व्हायची आहे. त्यामुळे प्रदर्शनात वाचकांना ती वही पाहावयास मिळणार नाही, याबद्दल समितीच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो.